सुताराच्या हातात पेन्सिलीबरोबर कॅडही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली, त्यात 18 व्यवसाय आहेत आणि आमचं सुतारकाम त्यातलंच एक. आधी 5 ते 7 दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, मग ज्याला हवं त्याला 15 दिवसांचं पुढचं, रोजचे 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15 हजारांचं व्हाउचर. योजना चांगली आहे, माझं म्हणणं एवढंच आहे की त्या 15 दिवसांतले निम्मे तरी दिवस कॉम्प्युटरवर फर्निचरचं ड्रॉइंग काढायला द्या, म्हणजे कॅड, आणि ते मराठीतून शिकवा.

आज काय होतं बघा. फ्लॅटवाला डिझायनरकडून रंगीत थ्रीडी चित्र आणतो, त्यात लाइट, झाडाची कुंडी सगळं असतं पण प्लाय किती जाडीचा, ड्रॉवरला चॅनल (ड्रॉवर सरकण्याची लोखंडी पट्टी) कुठला, शटर म्हणजे कपाटाचं दार कुठे उघडणार हे काहीच नसतं. मग मिस्त्री साइटवर लॅमिनेटच्या (प्लायवर चिकटवायच्या पातळ पत्र्याच्या) मागच्या बाजूला पेन्सिलीने हिशोब मांडत बसतो, आणि चुकलं की शिव्या त्यालाच. हे मला फार चुकीचं वाटतं. जो माणूस कापणार आणि जोडणार त्यालाच ड्रॉइंग काढता आलं पाहिजे, कारण लाकूड त्याला कळतं.

साधं किचनचं एक बॉक्स घ्या, बाहेरून 600 मिमी रुंद. दोन्ही बाजूंना 18 चा प्लाय, त्याला आतबाहेर 1-1 चं लॅमिनेट, म्हणजे एक बाजू 20 ची, आत राहिले 560. टेलिस्कोपिक चॅनलला दोन्हीकडे 13-13 सोडायचे म्हणजे ड्रॉवर 534 चा, आणि ड्रॉवर 12 च्या प्लायचा असेल तर त्याच्या पुढच्या-मागच्या पट्ट्या 510 च्या. आता दुकानातून आलेला 18 चा प्लाय मोजला तर 17 भरला (असं होतं हे प्रत्येक मिस्त्रीला माहीत आहे), की आतलं माप 562 झालं, ड्रॉवर 536 पाहिजे, आणि तुम्ही 534 चा कापून ठेवलात तर चॅनलच्या मागे लॅमिनेटच्या चिपट्या घालत बसा. एका बॉक्सला ठीक आहे हो, पण चौदा बॉक्सच्या किचनला हे सगळं डोक्यात ठेवायचं आणि वर हेल्परला तोंडी सांगायचं, कुठेतरी घसरणारच.

फ्रीकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये याच प्लायची जाडी एका तक्त्यातल्या एका घरात लिहायची आणि सगळी मापं त्याला बांधून ठेवायची, मग 18 चे 17 केले की ड्रॉवर, पट्ट्या, शेल्फ सगळं आपोआप बदलतं. फ्रीकॅड पूर्ण फुकट आहे, लायसन्सचे पैसे नाहीत, सबस्क्रिप्शन नाही. 2002 पासून चालू असलेल्या या कामाची 1.0 आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली, आधी ड्रॉइंगमधलं मागचं एखादं माप बदललं की त्यावर बेतलेले पुढचे भाग बिघडायचे, तो त्रास त्यात बराच कमी झालाय. स्केचअप शिकायला त्याहून सोपं, चौकोन काढा आणि ओढून जाड करा, ब्राउझरमध्ये फुकट चालतं, पण त्यात जाडी बदलली की प्रत्येक भाग बहुतेक वेळा हाताने दुरुस्त करावा लागतो. माझ्या मते सुरुवात स्केचअपवर करून हात बसला की फ्रीकॅडवर जावं.

आणि खरा पैसा वाचतो तो कटिंगमध्ये. शीट 8 बाय 4 म्हणजे 2440 बाय 1220. कुणीही म्हणेल 2440 मध्ये 610 चे चार तुकडे बसतात, पण तीन कटांत पातं प्रत्येक वेळी साधारण 3 मिमी म्हणजे जवळपास एक सूत खातं, चौथा तुकडा 600 च्या आसपासच भरतो. त्यात लाकडी डिझाइनच्या लॅमिनेटच्या रेषा सगळ्या शटरवर उभ्याच आल्या पाहिजेत, तुकडा आडवा फिरवून चालत नाही. कटलिस्टच्या (कापायच्या तुकड्यांच्या यादीच्या) प्रोग्रॅमला पात्याची जाडी आणि रेषेची दिशा सांगितली की कुठल्या शीटमधून काय काढायचं याचा नकाशाच मिळतो, आणि एकूण किती शीट लागतील हे गिऱ्हाइकाला कोटेशन देतानाच सांगता येतं. स्क्वेअर फुटाच्या रेटवर काम करणाऱ्या मिस्त्रीला गिऱ्हाइकासमोर बोलताना याचा किती आधार वाटतो हे मी रोज बघतो.

पण सॉफ्टवेअरला काय कळत नाही हेसुद्धा शिकवायला पाहिजे. त्याच्या लेखी सगळ्या भिंती 90 अंशात असतात. आपल्याकडे नव्या बिल्डिंगमध्येसुद्धा गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) लावला तर कोपरा उघडा दिसतो, म्हणून वर, मध्ये, खाली तीन ठिकाणी माप घ्यायचं, सगळ्यात कमी असेल ते ड्रॉइंगमध्ये टाकायचं आणि राहिलेल्या फटीला पट्टी द्यायची. तसंच सागाच्या फळ्या जोडून केलेलं टेबल. स्क्रीनवर ते बाराही महिने एकाच मापाचं, पण कोकणातल्या पावसाळ्यात फळी रुंदीला काही मिमी फुगते आणि उन्हाळ्यात परत आकसते, लांबीला मात्र जवळजवळ हलत नाही, त्यामुळे टॉप खालून बसवताना स्क्रूची भोकं लांबट ठेवावी लागतात नाहीतर एक दिवस तो चिरतो. कॉम्प्युटर क्लासमधला मास्तर हे सांगू शकणार नाही, पंचवीस वर्षं रंधा मारलेला मिस्त्री सांगेल, म्हणून शिकवायला दोघेही एका खोलीत पाहिजेत.

काही जुने कारागीर म्हणतात आमच्या डोक्यात सगळं आहे, कॉम्प्युटर कशाला. त्यांच्या डोक्यात खरंच आहे, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, पण मिस्त्री चार दिवस आजारी पडला की काम ठप्प होतं कारण पोरांकडे कागदच नसतो. शिवाय आता सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने कटिंग करणारे जॉबवर्क करून देतात, त्यांना डीएक्सएफ म्हणजे कॅडमधून निघणारी ड्रॉइंगची फाइल लागते, ती देता आली नाही तर मध्ये ड्रॉइंग काढून देणारा आणखी एक माणूस आणि त्याचे वेगळे पैसे.

म्हणून योजना राबवणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि आयटीआयच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. पाठ्यक्रमात घराचे नकाशे नकोत, कपाट, ड्रॉवर, पलंग, टेबल हेच ठेवा. 500 रुपयांत मिस्त्रीचा रोज निघत नाही, दिवसभर काम सोडून तो येणार नाही, तेव्हा संध्याकाळी सातनंतरची बॅच काढता येते का बघा. आणि अवजारांच्या व्हाउचरमधून ज्याला हवा त्याला जुना चालू लॅपटॉप घेता आला तर फारच बरं होईल.

आपला,
एक फर्निचर कारागीर, मिरज