ताई, तुमच्या त्या ‘सोनोग्राफी कधी?’ साठी

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच म्हणाला होतात माझं नाव कुठे टाकू नका म्हणून. पण नाशिकच्या एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे) येणारे बरोब्बर ओळखतील.

माझं औषध 2011 पासून चालू आहे. एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरला धरणारा व्हायरस, पण आहे हे तेव्हाच कळलं होतं, पण खरं सांगू, मी ते विसरूनच गेलो होतो. व्हायरल लोड टीएनडी (म्हणजे रक्तात एचआयव्ही सापडतच नाही), सीडीफोर म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी सहाशेच्या वर, पोट सुटलेलं, मग काय, गोळ्या घ्यायच्या आणि सातपूरला सेकंड शिफ्टला पळायचं. तुम्ही मात्र दर सहा महिन्यांनी तेच, सोनोग्राफी कधी? मला वाटायचं या बाईंना दुसरं काम नाही (माफ करा). तुम्ही सांगायचात की गोळीने हिपॅटायटिस बी दबून राहतो, लिव्हर कॅन्सरची भीती कमी होते पण जात नाही, आणि बी असला की लिव्हर खराब व्हायच्या आधीसुद्धा गाठ येऊ शकते. मी हो हो करायचो आणि घरी जायचो.

मार्च 2023 ला तुमच्या कटकटीला कंटाळून केली एकदाची. 2.3 सेंटीमीटरची गाठ. ना दुखणं, ना कावीळ, भूकही मस्त. मग ट्रायफेसिक सीटी (औषध टोचून लिव्हरचे टप्प्याटप्प्याने फोटो काढतात तो स्कॅन) झाला आणि नाव पक्कं झालं, लिव्हर कॅन्सर.

पुढचं तुम्हाला माहितीये पण तरी लिहितो. एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी फाइलवर एचआयव्ही वाचलं आणि सूरच बदलला, तुमच्या केसमध्ये फार काही करण्यात अर्थ नाही म्हणे, आणि करायचंच असेल तर आधी त्या गोळ्या बंद करा, लिव्हरवर लोड येतो. मी पार्किंगमध्ये गाडीवर अर्धा तास नुसता बसून. बायकोला फोन करायची हिंमत नव्हती, तुम्हाला केला. तुम्ही धीर बीर दिला नाहीत, पहिलं वाक्य काय तर, “आज रात्रीची गोळी चुकवायची नाही.” मग समजावलंत, त्या एकाच गोळीतलं टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन बी ला पण धरून ठेवतं, अचानक सोडलं तर बी उसळतो आणि लिव्हर बसू शकतं. म्हणजे त्या दिवशी मी त्या डॉक्टरांचं ऐकलं असतं तर गाठीच्या आधी तेच झालं असतं कदाचित.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सेंटरच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतलीत, सगळे जुने रिपोर्ट तारखेने लावून दिलेत, आणि 2017 च्या एचआयव्ही कायद्याचं सांगितलंत, एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. मला भांडायचं नव्हतं, पण ते माहीत असल्याने मुंबईला जाताना पंचवटी एक्स्प्रेसमध्ये खिडकीशी बसून फाइल लपवावीशी वाटली नाही एवढं खरं.

तिथल्या डॉक्टरांनी एचआयव्हीचं पान दोन सेकंदात उलटलं. गाठ एकच, 3 सेंटीमीटरच्या आत, लिव्हर चांगलं, एचआयव्ही कंट्रोलमध्ये, मग ट्रीटमेंट तीच जी बाकीच्यांना आणि रिझल्टही साधारण तसाच, असं म्हणाले. हाल होतात ते उशिरा येणाऱ्यांचे, नाहीतर ज्यांना कोणी हातच लावत नाही त्यांचे. आरएफए केलं, पोटातून सुई घालून गाठ जाळतात ते. तिसऱ्या दिवशी घरी.

परत येऊ शकते हे माहितीये, म्हणून स्कॅन चालू आहेत आणि आता तारीख मीच तुम्हाला सांगतो. रांगेत एक पोरगा भेटला, त्यालाही बी आहे, त्याला मीच विचारलं सोनोग्राफी कधी, त्याने माझ्याकडे तसंच बघितलं जसं मी तुमच्याकडे बघायचो.

मागच्या वेळी चिवडा आणला तर नियमात बसत नाही म्हणालात. या वेळी स्कॅन झाला की द्राक्षं आणतोय, पूर्ण सेंटरसाठी, मग बघू कोणता नियम आडवा येतो.

तुमचा सातपूरवाला