स्थलांतरित ठरायला आम्ही कोणती हद्द ओलांडायची, साहेब?

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. बी.ए. झालोय, पण काम द्राक्षबागेतच करतो. टोळीचा हिशेब मी लिहितो, म्हणून हे पत्र लिहिणंही माझ्याच गळ्यात पडलं. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे. आमचा तर एकरी ठेक्यावर मोजलेलाच असतो.

विरळणी संपवून दिंडोरीकडच्या बागेतून टोळी घरी निघाली होती. सावळघाटात पिकअप उलटली. मालाची गाडी आणि मागे माणसं कोंबलेली, रोजच्यासारखी. आईच्या मांडीचं हाड मोडलं, मावशीचा खांदा निखळला, लहान पोरांना टाके पडले. जीव कुणाचा गेला नाही, एवढीच मेहेरबानी. बागाईतदार म्हणाला, माणसं मुकादमाची. मुकादम म्हणाला, काम मालकाचं. विमावाल्याने विचारलं, मालवाहू गाडीत माणसं बसलीच कशाला? आता एसटी बागेच्या बांधापर्यंत येत नाही हे त्याला कोण सांगणार? दवाखान्यात एक अधिकारी आले, फोटो काढून घेतला आणि आठ दिवसांत मदत जमा होईल असं सांगून गेले. ते आठ दिवस अजून चालूच आहेत. आईच्या पायात सळई घालायला मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली. म्हणजे जिच्या पायावर खर्च झाला तिनेच तो फेडायचा, त्याच पायावर उभं राहून.

मग मी कचेरीत गेलो. टेबलावरच्या माणसाने पहिलाच प्रश्न केला, "कोणत्या राज्यातून आलात?" पेठ म्हटल्यावर त्याने कागद परत सरकवला. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात काम करणारा स्थलांतरित धरत नाहीत म्हणे.

घरी येऊन मी वाचत बसलो. १९७९ चा कायदा आंतरराज्य कामगारांचा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवीन कामगार संहिता लागू झाल्या, मोठ्या जाहिराती आल्या. त्यातही राज्याची हद्द ओलांडणाराच स्थलांतरित, आणि एका ठिकाणी असे दहा जण तरी पाहिजेत. आमच्याच पिकअपमध्ये गुजरातच्या कपराडा तालुक्यातल्या दोन बायका होत्या. त्यांच्याशी आमची सोयरीक आहे, बोली एक, नागलीची भाकर एक. त्या स्थलांतरित, आणि माझी आई बहुतेक सहलीला आली होती! मिळालं मात्र त्यांनाही काही नाही. तेवढी समानता सरकारने राखली आहे, कबूल करतो.

दिवाळी झाली की आमचे पाडे रिकामे होतात. भांडी, गोधड्या, पोरं, एखादी कोंबडी घेऊन लोक घाट चढतात. आमच्याकडे याला जगायला जाणं म्हणतात. बागेच्या कडेला प्लास्टिकचा कागद टाकून राहायचं. शेजारच्या ओळीत फवारणी चालू असते आणि इकडे पोर झोळीत निजलेलं असतं. बाईला आडोसा नाही, अंधार पडायची वाट बघायची. रेशन कुठेही उचला म्हणता, तर दुकानदार म्हणतो अंगठा लागत नाही. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड आहे ना, दाखवू का? देशात तीस कोटींच्या वर नोंदणी झाली म्हणून पेढे वाटले तुम्ही लोकांनी. माझं कार्ड मी लॅमिनेशन करून ठेवलंय. त्यावर आजवर काय मिळालं तर लॅमिनेशनचं बिल.

आणि नोंद ठेवता येत नाही असं तर मुळीच नाही. निर्यातीच्या द्राक्षाचा प्रत्येक प्लॉट ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर नोंदलेला असतो. घडात औषधाचा अंश किती राहिला ते प्रयोगशाळेत तपासतात. युरोपातल्या दुकानात पेटी पोचली तरी ती निफाडच्या कुठल्या बागेतली हे सापडतं. तेच औषध माझ्या आईच्या अंगात किती गेलं हे तपासायचं कुणाला सुचलं नाही. तिची निर्यात होत नाही ना!

२०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शेतांवर स्थलांतरित मजुरांना पकडायला धाडी पडल्या तेव्हा आपल्याकडच्या चॅनेलवर केवढी हळहळ. अन्यायच आहे तो. पण त्याच अमेरिकेत एच-२ए व्हिसावर बाहेरून आणलेल्या शेतमजुराला मालकाने फुकट राहायला जागा द्यायची, जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं, असा नियम आहे. तो पाळतात की नाही ते तिथले मजूर सांगतील, पण कागदावर तरी आहे. आम्ही ज्या देशाचे नागरिक आहोत तिथे कागदही नाही.

तुम्ही म्हणाल, गावातच रोजगार हमीवर काम करा. रोहयोचा कायदा याच महाराष्ट्राने १९७७ साली केला, देशाने तो आपल्याकडून घेतला. आता दिल्लीने नवीन कायदा आणलाय. दिवस १०० चे १२५ झाले, आणि शेतीच्या हंगामात ६० दिवस ही कामं बंद ठेवायची. का, तर शेताला मजूर मिळावेत. म्हणजे बागाईतदाराला मजूर मिळावा म्हणून कायदा होतो, मजुराला निवारा मिळावा म्हणून होत नाही. कुणासाठी चाललंय हे राज्य, साहेब?

आमचा पाऊस बघा. सावळघाटाखाली पाऊस कोसळतो, नद्या गुजरातेत जातात, आणि एप्रिलमध्ये आमच्या बाया झऱ्यावर वाटीने पाणी भरतात. ते पाणी अडवलं असतं तर घाट चढायला कोण आलं असतं? २०१८ साली शेतकऱ्यांच्या लाँग मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत १८० किलोमीटर चालत गेलो. माझे वडीलही त्यात होते, तळपाय सोलून निघाले. वनजमिनीचे दावे सहा महिन्यांत निकाली काढतो असं लेखी मिळालं. आमची जमीन अजून वनखात्याचीच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या सुरगाण्यातली गावं म्हणाली, आम्हाला गुजरातेत टाका. तेव्हा मंत्रालय दोन दिवस जागं झालं होतं. आणि आता सिंहस्थ आहे. हजारो कोटी आले, तपोवनात साधुग्रामसाठी झाडं तोडायला निघाले होते. साधू येतील, राहतील, जातील. त्यांना नळ, संडास, दिवे, दवाखाना सगळं मिळेल आणि मिळालंच पाहिजे. पण ते ज्या जिल्ह्यात येणार त्याच जिल्ह्यात दरवर्षी हंगामभर आमचाही मेळा भरतो, त्याला एक संडास बांधायला तुमच्याकडे लेखाशीर्ष नाही.

मागणं फार नाही. तालुका ओलांडून कामाला जाणारा शेतमजूर स्थलांतरित धरा. गिरणारेच्या मजूर बाजारात आणि दिंडोरी, पिंपळगावात नोंदणीचं टेबल लावा, मुकादम आणि बागाईतदार दोघांची नावं त्यावर येऊ द्या. निर्यातीच्या नोंदणीलाच मजुरांच्या निवाऱ्याची अट जोडा, मग बघा कशा खोल्या उभ्या राहतात. आणि आईच्या पायाचे पैसे, ते तुमच्याच माणसाने कबूल केलेत.

उत्तर द्यायचं असेल तर पीएंना फोन करायला सांगा, रात्री आठनंतर. दिवसा बागेत फोन काढला तर हजेरी कापतात.

आपला,
द्राक्षबागेतला एक मजूर,
ता. पेठ, जि. नाशिक