अडकलेल्या बफरांबद्दल

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या यंत्रावर सगळ्या चाचण्या सुरळीत होतात, सर्व्हरवर मात्र काही तासांनी फाइली जाणे थांबते आणि तरीही जोडणी तुटलेली दिसत नाही, असे तू लिहिले आहेस. नेटवर्कवाल्यांशी भांडण्याआधी पाठवणाऱ्या प्रोग्रॅममधील झीरोकॉपी, म्हणजे डेटाची प्रत न करता तो पाठवण्याची सोय, तपास.

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, ४.१४ या आवृत्तीपासून (२०१७) टीसीपी या नेटवर्क-पद्धतीसाठी ही सोय आहे. नेहमीच्या सेंडमध्ये, म्हणजे डेटा पाठवण्याच्या कॉलमध्ये, कर्नल डेटाची प्रत स्वतःकडे घेतो, त्यामुळे कॉल परतताच तुमचा बफर (डेटा ठेवलेली मेमरीतली जागा) मोकळा होतो. झीरोकॉपीत तो मेमरीतली तुमचीच पाने धरून ठेवतो आणि डेटा पुन्हा पाठवावा लागू शकतो म्हणून समोरची पोच येईपर्यंत ती सोडत नाही. पाने सुटल्याची सूचना सॉकेटच्या (जोडणीच्या प्रोग्रॅमकडील टोकाच्या) एरर क्यूमध्ये, म्हणजे त्रुटी-सूचनांच्या रांगेत, येते, आणि ती वाचणे ही सर्वस्वी प्रोग्रॅमची जबाबदारी.

माझा खरा संशय इथे आहे. प्रत्येक सेंडला अनुक्रमांक असतो. मात्र लागोपाठच्या सूचना जोडून कर्नल 'अमुकपासून तमुकपर्यंत' असा एकच पल्ला कळवू शकतो. तुमचा प्रोग्रॅम त्यातला शेवटचाच क्रमांक मोकळा करत असेल, तर मधले बफर कायमचे अडकतात, साठा हळूहळू आटतो आणि अखेर पाठवायला बफरच उरत नाही.

लूपबॅकवर, म्हणजे यंत्र स्वतःलाच डेटा पाठवते तेव्हा, हे सहसा दिसत नाही, कारण तिथे कर्नल शेवटी प्रत करतोच आणि सूचना लगेच सुटी सुटी मिळते. अशी लांबवलेली प्रत आधीच केलेल्या प्रतीपेक्षा महागही पडू शकते, कारण तोवर डेटा प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, उरलेला नसतो. प्रत झाल्याची खूण सूचनेतच असते. ती सर्व्हरवरही सतत दिसली, तर मी झीरोकॉपी सरळ बंद करीन. तसाही तिचा फायदा साधारण १० केबीहून मोठ्या लेखनांतच दिसतो.

बफर देताना आणि सोडताना क्रमांक लॉगमध्ये लिही. थांबल्यावर न सुटलेले क्रमांक जुने आणि विखुरलेले दिसले, तर पल्ल्याचीच चूक. फक्त अलीकडचे सलग क्रमांक राहिले असतील, तर समोरचे यंत्र मंद आहे. सेंडकडून 'एनोबफ्स' (बफरसाठी जागा नाही) ही त्रुटी येत असेल, तर लहान लहान सेंड फार झाले आहेत का आणि ऑप्टमेमची (सॉकेटला अशा जोडकामांसाठी मिळणाऱ्या मेमरीची) मर्यादा किती आहे, तेही पाहा.

लॉग हाती आला की पाठव.

तुझा,
अविनाश