बाबांच्या गोळीविषयी

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी औषधांचा डबा आवरताना बाबांच्या इमॅटिनिब या कॅन्सरच्या औषधाच्या सात गोळ्या जास्त निघाल्या. बाबा, तुम्ही म्हणालात, "आता बरे वाटते आहे, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, म्हणून अधूनमधून सोडतो." तेव्हा आईसमोर मी काही बोलले नाही, परंतु पुण्याला पोहोचेपर्यंत दुसरे काही सुचले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी केलेल्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या आणि डॉक्टरांनी क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर, असे निदान केले, त्या दिवशी, आई, तू देवघरासमोर बसून फक्त आत्याचे नाव घेतलेस. आत्याची केमोथेरपी आपण सर्वांनी पाहिली आहे. ते औषध झपाट्याने वाढणाऱ्या निरोगी पेशींनाही सोडत नाही, म्हणूनच तिचे केस गेले, तोंड आले. बाबांचे औषध टार्गेटेड थेरपीतले आहे. ते आजाराचे नेमके मूळ धरते.

ते मूळ सापडायला बराच काळ लागला. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले, आणि १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची तेथे अदलाबदल झालेली असते. त्या चुकीच्या जोडातून जे प्रथिन तयार होते, ते पेशीला वाढत राहण्याचा हुकूम अखंड देत राहते. एटीपी नावाचा रेणू त्या प्रथिनाच्या ज्या खाचेत बसतो, तीच जागा इमॅटिनिब अडवते आणि हुकूम थांबतो. १९९८ मध्ये ब्रायन ड्रकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या चाचणीत, आधीचे उपचार लागू न पडलेल्या आणि ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातील पेशींची संख्या पूर्ववत झाली. पुढच्या मोठ्या अभ्यासात, सुरुवातीपासून हेच औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ८९ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. हे वाचले त्या रात्री मला निदानानंतर पहिल्यांदा शांत झोप लागली.

एवढी स्वस्त गोळी कॅन्सरला कशी पुरेल, अशीही शंका बाबांनी काढली होती. ती स्वस्त आहे यामागे मोठा लढा आहे. मूळ औषध महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडत असे, तर भारतीय कंपन्यांचे आठ-दहा हजारांत मिळे. आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ औषध बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळल्यामुळे ही वाट खुली राहिली. किंमत उतरली म्हणून गुण उतरलेला नाही.

आई, शेजारच्या काकूंना अशीच गोळी का देत नाहीत, असे तू विचारलेस. त्यांच्या फुप्फुसातील गाठीचा तुकडा तपासला, पण ज्यावर औषध उपलब्ध आहे असा जनुकीय बिघाड त्यात सापडला नाही. शिवाय अशा गाठींत बहुधा अनेक बिघाड एकत्र असतात, त्यामुळे लागू पडलेले औषधही पुढे निकामी होऊ शकते. बाबांचा आजार मुख्यतः एकाच बिघाडावर उभा आहे, हे आपले भाग्य, आणि काकूंसमोर ते बोलून दाखवू नये असे मला वाटते.

पण बाबा, बरे वाटणे म्हणजे आजार गेला असे नव्हे. तीन महिन्यांच्या तपासणीत तुमचा बीसीआर-एबीएलचा, म्हणजे गुणसूत्रांच्या त्या चुकीच्या जोडाचा रक्तातील आकडा ४ टक्के आला. तो १० च्या आत हवा होता, म्हणून डॉक्टर समाधानी होते. वर्षाअखेर तो ०.१ पर्यंत उतरावा, असा प्रयत्न आहे. मधेच खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा डोके वर काढतात. आकडा काही वर्षे अगदी तळाला राहिलेल्या काही रुग्णांची गोळी डॉक्टर देखरेखीखाली थांबवतातही, पण तो निर्णय त्यांचा. पोटऱ्यांतले गोळे आणि डोळ्यांखालची सूज या औषधाने येते. त्यावर उपाय असतात, ते विचारू या.

गोळी रात्रीच्या जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. कोकणातून आलेली पपनसे तुम्ही खाऊ नयेत. त्या जातीच्या फळांनी औषधाचे रक्तातील प्रमाण बिघडू शकते. स्ट्रिपवर मी मार्करने तारखा लिहून ठेवल्या आहेत. १४ तारखेला तपासणीला मी सोबत येईन. त्या सात गोळ्यांचे डॉक्टरांना तुम्हीच सांगा.

आपली,
मीनल