लेआउट पाडताय, पण मुलांनी चालायचं कुठून?

संपादक साहेब,
आमच्या अनगोळ-वडगाव बाजूला शेतं मोडून प्लॉट पाडायचं काम जोरात चाललंय म्हणून अमेरिकेतल्या ग्रीनबेल्ट नावाच्या गावाबद्दल लिहावंसं वाटलं. १९३० च्या मंदीत लोकांच्या हाताला काम नव्हतं, तेव्हा रूझवेल्ट सरकारनं वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये हे अख्खं गाव वसवलं, १९३७ मध्ये लोक राहायला आले, ८८५ घरं, मधे मोकळी हिरवळ आणि मुलांना शाळेला जाताना गाड्यांचा रस्ता ओलांडायला लागू नये म्हणून रस्त्याखालनं बोगदे! दुकानंसुद्धा को-ऑपरेटिव्ह, म्हणजे आपल्या सोसायटीसारखीच. पुढं १९५० नंतर सरकारनं गाव विकायला काढलं तर बिल्डरच्या घशात न घालता रहिवाशांच्याच सहकारी संस्थेनं बरीचशी घरं घेतली, हे मला सगळ्यात भारी वाटतं.
सगळं गोड नव्हतं म्हणा, बांधायला काळे मजूर चालले पण घरं फक्त गोऱ्यांना.
आमच्याकडं मात्र नकाशात गार्डन दाखवतात आणि नंतर तिथंच कंपाउंड उठतं. नवीन लेआउटला परवानगी देताना निदान पायवाट आणि मोकळी जागा आधी तयार करून घ्या, प्लॉट मागनं विका.
– एक वाचक, अनगोळ, बेळगाव