गाड्याबरोबर नळ्याची यात्रा

सोलापूर

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

यादी मिळाली. मुलांसाठी जुन्या वाहनांचं पुस्तक काढतोयस, झकास. टांगा, बग्गी, छकडा, दमणी, शिग्राम, मेणा, डोली... नावं बरोबर आहेत, पण सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या. राग मानू नकोस. नावं कुठल्याही शब्दकोशात मिळतील रे. गेले ते गाडीवानाच्या आणि सुताराच्या तोंडातले शब्द. आधी ते घे.

'उलाळ'च बघ. आपल्या स्टेशनाबाहेरचे टांगे आठवतात ना? मागच्या बाजूला जड मंडळी बसली की पुढच्या दांड्या वर उचलायच्या आणि घोड्याच्या पोटाखालचा पट्टा आवळायचा. लगेच टांगेवाला ओरडायचा, "मालक, पुढं सरका, गाडी उलाळ होतीय!" मग कुणाला पुढं घे, कुणाची वळकटी पायाशी ठेव, असं करत तो तोल साधायचा. बैलगाडीत कडबा भरतानाही तेच. मागं भार वाढला की जू मानेवरून उठायला लागतं, पुढं वाढला की बैलांच्या माना दबतात.

दुसरा शब्द 'धाव', म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. याला एक अख्खं पान दे. चाकाच्या मधे तुंबा म्हणजे लाकडी गड्डा, त्यात ठोकलेले आरे म्हणजे दांडे, आऱ्यांवर बसवलेले लाकडी पुठ्ठे म्हणजे घेराचे तुकडे. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करायची. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली की तापून फुगते. मग चौघांनी सांडशीत धरून चाकावर बसवायची आणि घणाचे ठोके घालायचे. लाकूड धुमसायला लागतं न लागतं तोच पाणी! चर्र करून वाफ उठते, धाव आकसते आणि चाकाचे सगळे सांधे आवळले जातात. खिळा एकही नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव खुळखुळायला लागली की चाकं पाण्यात भिजत घालत. लाकूड फुगलं की पुन्हा घट्ट.

गाडीखाली वंगणाचा बांबूचा नळा लटकलेला असायचा. गाडी पंढरपूरला निघाली की तोही निघाला, पुण्य फुकटात. 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण मुलं पाठ करतात, पण नळा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं पाण्याचा नळ येतो. चित्र टाकच.

एक वाक्य मात्र काढ: 'आगगाडी आली आणि बैलगाडी संपली.' मुंबईकडची रेल्वे सोलापूरला १८६० साली आली, १८७७ साली 'जुनी मिल' ही कापडगिरणी निघाली. पण रेल्वेला काय गावोगाव फाटे होते? शेतातला कापूस बैलगाडीतूनच यायचा. उलट स्टेशन झालं म्हणून गाडीवानाचं काम वाढलंच असणार. आणि रेल्वे घेतोच आहेस तर बार्शी लाईट ही छोटी रेल्वे घे. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट! कुर्डुवाडी ते बार्शी १८९७ साली, पंढरपूर १९०६ साली. मोठ्या गाडीतून कुर्डुवाडीला उतरायचं आणि बोचकी सावरत या छोटीत शिरायचं, हा वारकऱ्यांचा प्रवास होता.

मेणा आणि पालखी यांना एकच चित्र दिलंयस, ते चालणार नाही. मेणा बंदिस्त, पडदानशीन बायकांचा, पालखी उघडी. दोन्ही वाहायला भोई. आता माउलींची पालखी बैलांच्या रथातून येते, तरी आपण 'पालखी आली' असंच म्हणतो, हे चित्राखाली लिही.

इथल्या एका म्हाताऱ्या सुतारांकडे रविवारी जाणार आहे. 'सापती' आणि 'शिवळ' हे जुवाचे भाग त्यांच्याकडून कागदावर काढून घेतो आणि पाठवतो. तोवर छपाईला देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद