मिरजेच्या चाचांना, मनापासून

चाचा, सादर नमस्कार.

श्रावणात आईचा तंबोरा घेऊन आले होते, ती मी सांगलीची. जवारीचे, म्हणजे तारांचा झंकार खुलवून देण्याचे, पैसे तेव्हाच दिले. हे पत्र दुसऱ्या ऋणासाठी.

तुम्ही तंबोऱ्याच्या घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत होता. दोन हलके हात, मग तार छेडून कान लावायचा, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, पुन्हा दोन हात. तेवढ्यात एक गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं राहून तुमच्या धर्माबद्दल नको ते बोललं. मी ताडकन उठले. तुम्ही मला हातानेच बसवलंत आणि त्याला म्हणालात, "दादा, पावसातून आलात, टेका थोडं. पाणी देऊ?" तो तसाच निघून गेला.

मला वाटलं, तुम्हाला लागलंच नाही. मग तुमचा हात दिसला. थरथरत होता. तुम्ही कानस खाली ठेवलीत, डोळे मिटलेत, हात थांबल्यावरच ती उचललीत. म्हणालात, "रागात एक हात जास्त पडला, तर घोडी गेली, ताई. घासलेलं परत भरता येत नाही."

इतकी वर्षं भजनात क्षमा-शांतीचे अभंग गाते, पण मऊ बोलणारा माणूस भितो, असंच मनात होतं. उलट बोलायला मला काहीच ताकद लागली नसती. तुम्हाला केवढी लागली, ते हातभर अंतरावरून पाहिलं.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ऊर भरून आला होता. आईचा तंबोरा मंगळवेढ्याच्या भोपळ्याचा, तुमच्या गल्लीत घडलेला, आमच्या विठ्ठलापुढे वाजणारा. यात आमचं किती नि तुमचं किती, हे त्या माणसाला खडसावून विचारायचं राहिलं, याची आधी चुटपुट होती. आता वाटतं, मीही पाणीच विचारायला हवं होतं.

निवडणुकीपासून भावाशी बोलणं तुटलं होतं. त्याला पाठवायचा लांबलचक मजकूर फोनवर तयार होता. तो पुसला आणि कोजागरीला त्याच्या घरी गेले. तो पुन्हा तेच बोलला, माझाही आवाज एकदा चढलाच. मग तुमची खाली ठेवलेली कानस आठवली. दूध आटेपर्यंत गप्प राहिले. मतं अजून जुळलेली नाहीत. पण निघताना म्हणाला, "आईचा तंबोरा ऐकव एकदा."

दिवाळीत येतोय तो. खर्जाची तार जरा बसल्यासारखी वाटते. त्याआधी तुम्हाला दाखवायला घेऊन येते.

तुमची ऋणी,
सांगलीची ताई